परबभाऊंचे एकच चुकलेले निदान

परबभाऊंची मला पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीची. १९७६ साली आखातात, झिंजच्या गॅरेजात मी हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा भाऊ एका डिझेल इंजिनावर ओणवे होते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. मी उत्साहाने पाना घेऊन पुढे झालो. मागे न बघताच ते म्हणाले, "ठेव तो पानो. आधी आयक, मगे उचल." आज जिदहफ्सला माझे स्वतःचे वर्कशॉप आहे, ते या वाक्यावर उभे आहे.

अंदाजाने निदान भाऊंनी कधी केले नाही. गिऱ्हाईक "यल्ला, यल्ला" करून घाईने डोके खाई, तरी यांचे उत्तर ठरलेले: "अंदाज मफी." म्हणजे अंदाज चालणार नाही. आणि त्यांनी सांगितलेला दोष इंजिन उघडल्यावर निघाला नाही, असे मी पाहिलेले नाही.

अपवाद एक. ८६च्या फेब्रुवारीत आमचा फिलिपिनो वेल्डर रॉडी याच्या देशात लोक रिकाम्या हातांनी हुकूमशहाविरुद्ध रस्त्यावर उतरले. "मी पण चालले," एवढे फोनवर सांगून त्याची बायको लिता जपमाळ घेऊन रणगाड्यांपुढे जाऊन बसली. पुढे फोन लागेना. रॉडी कामावर यायचा, पण वेल्डिंग सोडून सारखा फोनकडे धावायचा. एका सकाळी रेडिओवर तिथल्या बातम्या लागल्या, तेव्हा खरखरीतून माणसांचा गलका आला आणि मागे इंजिनांची घरघर. रॉडी ओरडला, "दे आर कमिंग, सर!"

भाऊंनी गॅरेजातली सगळी यंत्रे बंद करायला लावली. रेडिओला कान लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "रॉडी, टँक खडा है. गिअर में नहीं है." आणि थोड्या वेळाने, "अब इंजिन भी बंद किया. बैठ जा."

रॉडी मटकन बसला. भाऊंच्या डब्यातली भाकरी आणि सुकट त्याने खाल्ली. दोन दिवसांतले ते त्याचे पहिले जेवण.

पुढे दोनच दिवसांत हुकूमशहा देश सोडून पळाला. रणगाडे माणसांवर चाललेच नाहीत. लिताचा फोन आला आणि रॉडी रडत-हसत धावत आला, "सर, फर्स्ट टाइम राँग! लिता बोलती है, इंजिन बंद हुआ ही नहीं. उसका पूरा ड्रेस डिझेल का बास मारता है!"

सगळे गॅरेज हसले. कितीतरी दिवसांनी हसले. भाऊ म्हणाले, "खलास. चुकलो." तेव्हापासून दर निदानाला रॉडी विचारतो, "पक्का, सर? टँक जैसा नहीं ना?" आणि भाऊ ते ऐकून घेतात.

पण माझे कान त्यांनीच तयार केलेले. त्या खरखरीत मला तरी काहीच ओळखू आले नव्हते. लिताचा फोन आला त्याच संध्याकाळी मी त्यांना एकटे गाठून विचारले. म्हणाले, "अरे, रेडिओत काय कपाळ आयकाक येतला? पण तो खाली बसलो मां? जेवलो मां? आणि खबरदार, त्येका सांगशीत तर!"

भाऊ, आज आपल्याला साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि मी आपली आज्ञा मोडतो आहे. रॉडीला मराठी वाचता येत नाही. पण साठीच्या समारंभात तो माझ्या शेजारी बसणार आहे आणि गौरवांकातले हे पान मी त्याला हिंदीत सांगणार आहे. आपणांस निरोगी शंभर वर्षे लाभोत, कान असेच शाबूत राहोत, आणि कुणासाठी असे चुकण्याची वेळ आपल्यावर पुन्हा न येवो.