लोहाराची बाजू

मॅट्रिकच्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला एक जाडजूड विलायती कादंबरी वाचायला लावली. लोहाराच्या घरी वाढलेला अनाथ पोरगा अचानक पैसा मिळून लंडनला जातो, साहेब होतो, आणि लोहार भेटायला आला की त्याला लाज वाटते. लोहाराच्या ते ध्यानात येतं आणि तो बिचारा लवकर उठून जातो. पनवेल गावातल्या मुली वर्गात म्हणाल्या, लोहारानं लंडनला भेटायला जायलाच नको होतं. माझं डोकं फिरलं. मिठागरावरून शाळेत येणारी मी एकटीच होते.

बाईंनी त्यावर निबंध लिहायला सांगितला, मी लोहाराची बाजू घेऊन लिहिला. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची मी नात, असं स्वतःच सांगायच्या.

संध्याकाळी बा मीठ ओढून आला, की चिरा पडलेले पाय गोड्या पाण्यात सोडून बसे. मी त्याला कादंबरी आपल्या भाषेत सांगे. त्याला चिंता लोहाराची. "मंग जेवला का नाय तो तिथं?" असं दोनदोनदा विचारी.

निबंधाला बक्षीस मिळालं. समारंभाला पालकांना बोलावणं होतं. बा म्हणाला, "मी नाय येत. इतके दिस तू काय सांगतंस, ते कललं मला."

लेकी बोले सुने लागे, तशातली गत. त्याला वाटलं, लोहाराच्या आडून मी त्यालाच येऊ नको म्हणतेय. मी रडकुंडीला आले. त्याला समोर बसवून अख्खा निबंध मराठीत वाचून दाखवला. त्यानं मान हलवली, पण येतो म्हणाला नाही.

समारंभाच्या दिवशी मी दाराकडेच बघत होते. बा आला, धुतलेला सदरा घालून, बाईंसाठी मिठाची पुरचुंडी घेऊन. बाईंनी हात पुढे केला. त्यानं पुरचुंडी टेबलावर ठेवली. बाई हसल्या, "बरोबर आहे. हातात मीठ देऊन आपलं भांडण नको." मग त्यांनी विचारलं, "लोहार कसा वाटला तुम्हाला?"

"मानूस चांगला," बा म्हणाला, "पन चुकला. लाज पोराला वाटत व्हती ना? मंग यानं कशाला उठायचं?"

आणि तो पहिल्या रांगेत, हेडमास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. भाषणं लांबली, मागची माणसं निघून गेली. बा शेवटपर्यंत उठला नाही.