टाकीचं झाकण

माझ्या गणिताचा रत्नागिरीत असा दरारा होता, की भाट्याच्या खाडीतले खेकडे मला बघून तिरके चालायचं सोडून काटकोनात वळत. खोटं वाटत असेल तर खेकड्यांना विचारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात बढाई मारायला जागा नाही.

तिशीच्या दशकातलं कुठलंसं वर्ष. मंगळूरहून कौलं भरून निघालेलं एक गलबत मांडवी बंदरात आलंच नाही. वाट आठ-दहा दिवसांची, झाले चाळीस. गलबत चुकलं की दिवस नव्हे, पाणी मोजायचं, अशी तेव्हा बंदरावर रीत. टाकीतलं गोडं पाणी पुरेल तोवर माणसं जिवंत धरायची. ते सरलं की बायकांनी कुंकू पुसायचं.

ते गलबत हाकणाऱ्या तांडेलाची बायको सासऱ्याचा हात धरून माझ्या पडवीत आली. म्हातारा स्वतः जुना तांडेल, आता डोळ्यांनी अधू.

"मास्तर, आमच्या वेळी लाकडी पिंपं. घागरी मोजून भरायचो. ह्या खेपेला पोरानं जस्ताची गोल टाकी घातलीन. मंगळुरातनं कागद आला, टाकी भरून निघालो म्हणून. पण तिच्यात मावतं किती, कोणाला म्हायत? घडवणारा तापानं मेला."

"माप नाही घेतलं कुणी?"

"टाकी समुद्रात हाय, मास्तर," बाई म्हणाली. "पण त्याच्या दुकानात भिंतीवर कोळशानं लिवलेलं हाय. सगळा पत्रा दोनशे एकतीस चौरस वीत. त्यातला भोवतीचा एकशे चोपन्न."

एवढंच? माझ्या अंगात वारंच आलं! पाटी ओढली, टाकी काढली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झालो. "दोनशे एकतिसातून एकशे चोपन्न गेले, उरले सत्त्याहत्तर. हा तळ! त्यावरून त्रिज्या पाच वितींहून जराशी कमी. भोवतीच्या पत्र्याला परिघाने भागा, उंचीही तेवढीच. तळ गुणिले उंची, तीनशे एक्याऐंशी घन वीत. घन वितीला एक घागर. चौदा माणसांना दिवसाला किती लागतात?"

"सहा. ओढूनताणून," म्हातारा म्हणाला.

"मग त्रेसष्ट दिवस! बाये, अजून तेवीस दिवस तुझ्या कुंकवाला ब्रह्मदेवाचा बाप हात लावू शकत नाही."

"चूक न्हाय ना, मास्तर?"

"माझ्या गणितात चूक निघाली, तर गणपतीपुळ्याला सूर्य समुद्रातून उगवेल!"

बाई पाटीवरच्या त्या उघड्या तोंडाच्या टाकीकडे बघत राहिली, आणि म्हाताऱ्याला घेऊन गेली.

पन्नासाव्या दिवशी मी गळक्या कंदिलाला कथलाची झाळ मारून घ्यायला त्याच दुकानात गेलो. मेलेल्या कारागिराचा भाऊ दुसऱ्या गलबताची टाकी करत होता. तळ झाला होता, आणि आता वरच्या तोंडावरही तो तसाच पत्रा झाळत होता. मूठ जाईल एवढंच भोक ठेवलेलं.

"वरनं पत्रा कशाला रे?"

"वा मास्तर! गलबत डोलतं. उघडी ठेवली तर गोडं सांडंल नि खारं आत येल. तुमच्या न्हाणीतला हंडा हाय काय हा?"

हंडा, कळशी, घागर, रांजण. माझ्या घरी पाण्यावर फार तर लाकडी फळी. मी समुद्र पाहिला तो काठावरून. तिथेच उभ्या उभ्या गणित फिरलं. सत्त्याहत्तर म्हणजे तळ आणि झाकण मिळून. एकाचे साडेअडतीस. त्रिज्या साडेतीन, उंची सात. घागरी दोनशे सत्तरसुद्धा नाहीत. पंचेचाळीस दिवस. पाणी पाच दिवसांपूर्वीच संपलं होतं.

तिच्या घरी गेलो. ती अंगणात सुकी मासळी उलटत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"या, मास्तर."

वर्गात पाढा म्हटला तर वेळणेश्वराच्या पुजाऱ्याची घंटा चुकायची, असा माझा आवाज. तो अंगणसुद्धा ओलांडेना. "सहज आलो होतो," म्हटलं आणि मागे फिरलो. पुढचे तेरा दिवस मी त्या वाटेला गेलो नाही. माणूस गेल्यावर घरात धरतात तेवढेच ते दिवस, हे मोजायला मला पाटी लागली नाही.

त्रेसष्टाव्या दिवशी संध्याकाळी ती एकटीच आली.

"आज सरलं ना पाणी?"

"बाये, माझं चुकलं. तेवीस नव्हे, पाचच दिवस होते. त्या टाकीला झाकण होतं."

"ठाव हाय. तिच्या मुठीएवढ्या तोंडाला बांधायचं फडकं मीच शिवलेलं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मामंजी ऐकत होते, मास्तर. तुमी तेवीस देत होतात. बोलले असते तर पाचच उरले असते."

ती पायरीवर टेकली.

"थोडं पाणी द्या."

मी घागरीवरची फळी सारली आणि तांब्या भरून पुढे केला. तिने तो तोंडाला लावला नाही. पदराचं टोक त्यात भिजवलं आणि कपाळ पुसलं.