मनास्लूची उलटी फेरी

शुगर लँडमध्ये चढ म्हणून नाही. आमच्या घरापासून थेट ह्यूस्टनपर्यंत गाडी न्या, फ्लायओव्हर सोडले तर सगळी जमीन पोळपाटासारखी सपाट. अशा गावात जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात रिटायर झाल्याझाल्या हिमालयातल्या एका पर्वताला पायी फेरी घालायचं खूळ शिरावं, याला काय म्हणायचं? आमचे हे तेल कंपनीत इंजिनिअर होते, पाइपलाइनी आखायचे. आता त्यांनी मनास्लू आखायला घेतला. डायनिंग टेबलावर नकाशा पसरला आणि आम्ही दोघं कित्येक महिने ओट्याशी उभ्यानं जेवलो.

मनास्लू नेपाळात, तिबेटच्या सरहद्दीजवळ. गाइड घेतल्याशिवाय तिथे जाऊच देत नाहीत. नदीकाठानं दिवसेंदिवस वर चढत जायचं, शेवटी एक भली उंच खिंड ओलांडायची आणि पलीकडे उतरलं की फेरी पुरी. यांचा सगळा जीव त्या खिंडीत अडकला होता. मला तिचं काही नव्हतं. मी निघाले ती यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांसाठी. त्या यांनी आपण होऊन घेतल्या असं लग्न झाल्यापासून घडलेलं नाही.

चढ नाही म्हणून सराव पार्किंग गॅरेजमध्ये. खालून वरच्या मजल्यापर्यंत गाड्यांच्या उतारानं चढायचं आणि परत खाली. यांच्या पाठीवर तांदळाची मोठी पिशवी, माझ्या पाठीवर तूरडाळ. सकाळीच इतकं दमट असायचं की दुसऱ्या मजल्यावर चष्म्यावर वाफ धरायची. एकदा इथल्या मराठी मंडळात नव्यानं आलेली नागपूरची मुलगी गाडी थांबवून म्हणाली, "काकू, गाडी सापडत नाहीये का? मी ड्रॉप करते ना."

"गाडी इथेच आहे," हे म्हणाले. "आम्ही हिमालयात चाललोय."

तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. पुढच्या कार्यक्रमात तिघींनी मला बाजूला घेऊन काकांची तब्येत विचारली.

नकाशा मी नीट पाहिला तेव्हा मला एक गोष्ट खटकली. वाट पर्वताला डाव्या हाताला ठेवून जाते. प्रदक्षिणा घालताना देव उजवीकडे हवा, म्हणजे ही फेरी उलटीच की. यांनी पेन्सिल घेऊन समजावलं की त्या बाजूनं खिंडीचा चढ सोपा पडतो, म्हणून सगळे तसेच जातात. हे देवाधर्माचं काही मानत नाहीत. उदबत्तीचा धूर झाला तर खिडकी उघडतात. मी म्हटलं, उलट्या फेरीचं फळ उलटं मिळालं तर माझ्याकडे येऊ नका.

पण खरं सांगते, ते दिवस फार चांगले गेले. आमच्याबरोबर चार अमेरिकन, एक हसरा गाइड आणि त्याचा मदतनीस. हे सगळ्यांना पूल कसा बांधला असेल ते समजावत चालायचे. एका सकाळी ढग सरले आणि समोर मनास्लू उभा राहिला, दोन सुळके, पांढराशुभ्र. यांनी माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत. यांना एवढा वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं आणि थोडी काळजीही वाटली.

काळजी खरी ठरली. खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावात यांचं डोकं दुखायला लागलं. यांनी लपवलं, पण मेतकूट-भात पुढे केला तेव्हा ताट सरकवलं. मेतकूट-भाताला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे. एक दिवस थांबून पाहिलं. पोटात काही ठरेना. सकाळी गाइडनं यांच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि यांच्या शेजारी बसला. "बाबा, ऊपर नहीं. आप आज नीचे जाएँगे. नीचे जाते ही ठीक लगेगा." मदतनीस यांना घेऊन खाली जाणार होता.

यांनी मान डोलावली, एवढंच. इतक्या महिन्यांचा नकाशा, तांदळाची पिशवी, सगळं त्या मान डोलावण्यात संपलं. मला बघवेना. मी माझी सॅक भरायला घेतली.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर. आणखी कुठे?"

"तू वर जायचंस."

"वेड लागलंय का? तुम्हाला आजारी सोडून मी डोंगर बघत फिरू?"

बाहेर दगडी गडग्यावर बसून आम्ही भांडलो. अमेरिकन मंडळी लांब जाऊन बुटांच्या नाड्या बांधत बसली. मी ऐकेना तेव्हा हे म्हणाले, "अगं, शंकराच्या देवळात पुरी फेरी घालतात का? पिंडीचं पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं. माझी तशी झाली समज."

"तुमचा कुठे विश्वास आहे?"

"तुझा आहे ना." मग जरा थांबून म्हणाले, "तू नाही गेलीस तर वरचं मला सांगणार कोण? या चौघांना मी काय विचारणार?"

मी सॅकमधून यांच्या गोळ्यांची डबी काढली. मदतनीसाला गोळ्या कुठल्या, कधी, हे दोनदा बजावलं. हे वळणावर दिसेनासे झाले तरी मी तिथेच उभी होते. मग वरच्या वाटेला लागले ती धुसफुसत. संध्याकाळी वरच्या मुक्कामी गाइडच्या फोनवर निरोप आला, बाबांनी खाली पोचून दोनदा डाळ-भात मागून घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मी जे पाहिलं ते सगळं यांच्यासाठी पाहिलं. वारा उजवीकडून येतोय. बर्फ घोट्यापर्यंत, वरून कडक, आत भुसभुशीत. डावीकडे गोठलेलं निळं तळं. खिंड आली असं तीनदा वाटतं, आणि तिन्ही वेळा पुढे आणखी एक उंचवटा निघतो. पाठ करत चालले, शाळेतल्यासारखी. खिंडीच्या माथ्यावरच्या पताका फडफडताना दिसल्या तेव्हा मला रडू फुटलं. लोक सांगतात तसलं आनंदाचं नव्हतं ते. जिला खिंडीचं काही नव्हतं ती वर आणि ज्याची खिंड तो खाली, याचा मला भयंकर राग आला होता. "अहो, आलं बघा," मी मोठ्यानं म्हणाले. गाइड पाठ फिरवून उभा राहिला.

काठमांडूला हॉटेलच्या लॉबीत हे दाढी करून, नवा शर्ट घालून बसले होते. वाळले होते. मी म्हटलं, आंघोळ तर करू द्या. "आधी सांग," हे म्हणाले. मग प्रश्न सुरू. वारा किती? तळं किती लांबून दिसतं? पलीकडचा उतार निसरडा की खडीचा? मध्येच जर्सी सिटीहून लेकीचा फोन आला. "आई, यू लेफ्ट हिम?" यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आय सेंट हर," म्हणाले, आणि फोन परत देऊन विचारलं, "मग तिसऱ्या उंचवट्यानंतर?"

आता शुगर लँडला कुणीही जेवायला आलं की मनास्लू निघतोच. त्या गावापर्यंतचं हे सांगतात, रंगवून. मग हात वर करतात. "इथून पुढे हिला विचारा." आणि मी सांगत असताना पहिल्यांदा ऐकल्यासारखे बघत बसतात.

परवा आठ माणसं होती आणि गॅसवर कढी होती. माझं अर्धं लक्ष तिकडे. मी घाईघाईत सगळ्यांना एकदम पताकांपाशी नेऊन सोडलं.

"उंचवटे राहिले," हे म्हणाले.

"मग तुम्ही सांगा. माझी कढी फुटेल."

स्वयंपाकघरातून मला यांचा आवाज ऐकू येत होता. आधी अडखळत, मग लागला. बर्फ वरून कडक, आत भुसभुशीत. उजवीकडून वारा. एक उंचवटा, दुसरा, तिसरा. एक शब्द चुकला नाही. मी हातात डाव घेऊन दारात आले. हे खुर्चीवरून उठून उभे होते, आणि पताका दिसतात तिथे थांबले. मी थांबले होते तेवढाच वेळ. मग यांनी दम घेतला आणि पलीकडचा उतार सुरू केला. मी गॅस बंद केला. हे खाली उतरेपर्यंत पानं घ्यायची नाहीत, असं ठरवून तिथेच उभी राहिले.