दाजींच्या गाडीचा टर्बो

अक्कलकोट रोडला माझं बॅटरीचं दुकान आहे आणि शेजारी शिवपुत्रचं टर्बोचं. माणूस महाहट्टी. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो जास्त फिरवला, सोबत डिझेल वाढवलं की गाडी पळते, पण इंजिन आतून भाजत जातं. "दोन वर्षं पळवायची का धा वर्षं चालवायची?" असं विचारून तो सेटिंग वाढवून मागणाऱ्याला सरळ परत पाठवतो. रुसून निघालेली तीन गिऱ्हाइकं तर मीच समजूत काढून परत आणली आहेत.

दाजींपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. शिवपुत्रच्या घरात जावयाला नाही म्हणायची रीतच नाही. थोरल्या बहिणीचे, दानेश्वरी अक्काचे यजमान महादेवप्पा मे महिन्यात आले. सांगोल्याहून डाळिंबं आणणारी त्यांची जुनी पिकअप. त्या एका इंजिनावर सगळं घर चालतं.

"चढाला लई मरती रे. जरा वाढव की."

शिवपुत्रने टर्बोचा नट दीड फेरा आवळला, पंपाचं डिझेलही वाढवलं.

"काय होत न्हाय ना?" दाजींनी विचारलं.

"काय न्हाय होत."

मी ऐकलं आणि गप्प बसलो. त्याची टोचणी मला अजून आहे.

पाचव्या दिवशी भर दुपारी दाजींसोबत गाडीत असलेल्या अक्काचा फोन आला. हात तेलकट म्हणून शिवपुत्रने स्पीकर लावला.

"मंगळवेढ्याच्या पुढं थांबलोय. गाडी काळा धूर ओकतीय. बॉनेटखाली लोखंड लालभडक झालंय. हे त्यावर ओतायला पाण्याचा कॅन घेऊन निघालेत."

शिवपुत्रचा चेहरा उतरला. तापलेल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. आणि इंजिन एकदम बंद केलं, तर टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं.

"टेंपरेचरचा काटा कुटं हाय?"

"लाल रेघेच्या खाली."

"मग इंजिन चालूच ठेवा, रेस देऊ नका. पाणी ब्याड, अक्का, ब्याड!" घाबरला की त्याच्या तोंडून 'नको'सुद्धा कानडीत निघतं.

मध्येच दाजींचा आवाज आला. "तू मला शिकवू नको. काय न्हाय होत म्हणणारा तूच की!"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. शिवपुत्र फोनवर वाकला.

"खोटं बोललो, दाजी. असं करू नये हे मला म्हाईत होतं. तुमाला न्हाय म्हणायची हिंमत झाली न्हाय. चूक माझी हाय. कॅन खाली ठेवा."

पलीकडे इंजिनाच्या घरघरीतून कॅन जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"ठेवला," अक्का म्हणाली.

सहा मिनिटांनी लाली गेली, मग इंजिन बंद केलं. शिवपुत्र मोटारसायकलवर तिथे गेला आणि रस्त्यातच दोन्ही सेटिंग उतरवून आला. इंजिन वाचलं.

मेहुणा आपल्याला भिऊन खोटं बोलला, तेही चारचौघांत सांगितलं, हे दाजींना सोसलं नाही. आता सर्व्हिसिंगला ते किल्ली माझ्याकडे देतात आणि समोरच्या हॉटेलात पाठ करून बसतात. शिवपुत्र चहा सांगतो, तो तसाच परत येतो.

परवा चहा परत आला तेव्हा मी चिडलोच. "एवढं सगळ्यांदेखत सांगायची काय गरज होती?"

"दुसरं काय सांगितल्यावर त्यांनी कॅन खाली ठेवला असता?"

मी दाजींची किल्ली त्याच्यापुढे केली. त्याने एकदा हॉटेलकडे पाहिलं आणि दाजींच्या गाडीचं बॉनेट उघडलं.