महारुद्र मिस्त्री आणि परंड्यातला शेवटचा कार्बोरेटर

परंड्यात कुर्डुवाडीच्या रस्त्याला महारुद्र मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्या गॅरेजात माणसाला मान नाही, मान फक्त कार्बोरेटरला. मिस्त्रीच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची: कार्बोरेटर उघडू शकणारी, आणि बाकीचा पालापाचोळा. संगणक लावून गाडी तपासणाऱ्यांना तो कंपाउंडर म्हणतो. एकदा एक मास्तर उन्हातानात स्कूटर ढकलत आले. मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, वर्गातबी असंच रिकाम्यानं चालिवता का?" मास्तर पुन्हा त्या रस्त्याला फिरकले नाहीत. अशानं गिऱ्हाईक राहतंय होय?

त्यात गाड्याही बदलल्या. होता होता कार्बोरेटरची एकच चारचाकी त्याच्याकडं उरली, सत्यभामाकाकूंची जुनी पेट्रोल पिकअप. काकू तिच्यातून वांगी-मिरच्या बाजाराला नेत. ती गेली की मिस्त्रीला पंक्चर काढत बसावं लागणार होतं, आणि पंक्चर काढणाऱ्याला तर तो पालापाचोळ्यातही धरत नव्हता.

दसरा होऊन पंधरवडा झाला असेल. एका सकाळी ती पिकअप उचक्या देत दारात आली. चालवायला काकूंचा पुतण्या रणधीर, शेजारी काकू.

"मिस्त्री, आज नीट झाली तर झाली," रणधीर म्हणाला. "न्हायतर उद्या बार्शीचा भंगारवाला येतोय."

मिस्त्री हातातला चहा तसाच ठेवून उठला. पण तोंड तेच. "कुणाकुणाचे हात लागले हिला?"

"येडशीत एकानं प्लग बदलले. तेरखेड्यात एकानं ठिणगीचे पॉइंट घासले."

"फटाक्याच्या गावात नेली व्हय दुरुस्तीला? मग उडतीय म्हणून रडता कशाला?"

"दसऱ्यापासनंच असं करतीय ती," काकू म्हणाल्या.

"काकू, गाडीला सणवार कळत न्हाय. तुमी सावलीत बसा."

इंजिन फडफडत होतं. मिस्त्रीनं एकेका प्लगची वायर काढून बघितली. दरवेळी इंजिन सारखंच खचलं. म्हणजे चारी प्लग राबत होते, येडशीवाल्यानं उगाचच बदलले होते. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, ते कुठं आत ओढलं गेलं नाही. म्हणजे भलती हवा शिरत नव्हती. मग त्यानं चोक अर्धा ओढून हवा कमी केली. उचक्या थांबल्या, इंजिन एकसुरी चालू लागलं. चोक आत ढकलला की पुन्हा उचक्या. मिस्त्रीचा चेहरा असा खुलला, जणू लेकीला स्थळ सांगून आलं.

"उपाशी हाय बिचारी. नुसती हवा खाऊन जगतीय, पेट्रोल पोचतच न्हाय."

इंजिन बंद करून त्यानं कार्बोरेटरला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची नळी बाटलीत धरली. रणधीरनं किल्ली मारली तशी पेट्रोलची चिळकांडी आली. पंपही निर्दोष. राहिलं काय? कार्बोरेटरचं पोट.

पेट्रोल सुटायचं बारीक भोक, म्हणजे जेट, मोकळं करायला रणधीरनं हौसेनं तारेचा तुकडा पुढं केला. मिस्त्रीनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं तो मुकाट्यानं खिशात घातला.

"तारेनं जेट टोकरणारा माणूस कानात खिळा घालायचाबी कमी करायचा न्हाय. भोक मोठं झालं म्हंजी काय भरून काढतोस, पिठानं?"

मिस्त्रीनं केरसुणीची एक बारीक काडी काढून जवळ ठेवली आणि कार्बोरेटरचं झाकण उघडलं. पेट्रोलच्या वाटीच्या तळाशी लालभडक गाळ. खालचं जेट त्याच गाळानं बुजलेलं.

"गंज?" रणधीरनं विचारलं.

मिस्त्रीनं चिमटीत धरून चोळलं, हुंगलं, आणि त्याच्या अंगात वारंच भरलं. "कुंकू हाय हे. चाळीस वर्षं इंजिनं उघडतोय, पन असलं गाढव बघितलं न्हाय. हवेच्या गाळणीचं डबडं काढून उघड्या तोंडात कुंकू वतलंय, ते वाटीत उतरलंय. आरं, ह्या मानसाच्या हातात पाना कुणी दिला? पोळपाट द्यायचा, पोळपाट. कोन हाय त्यो?"

काकू सावलीतूनच म्हणाल्या,

"खंडेनवमीला तुमच्याच दारात पूजा झाली न्हवं? रणधीर बोनटला कुंकू लावाया गेला, तर तुमी त्याच्या हातावर चापट मारलीत. म्हणालात, पत्र्याला कसलं पुजतो, काळजाला पूज. अन् सोताच्या हातानं डबडं काढून मूठभर वाहिलंत. उदबत्ती तरी आत घालू नका म्हणून म्याच वरडले."

रणधीरला हसू आवरेना. मिस्त्रीनं वाटी धुतली, काडीनं जेट मोकळं केलं, सायकलच्या पंपानं फुंकलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा फुंकलं. सगळं जोडून किल्ली मारली. चोक न ओढता इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं.

काकूंनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. "रणधीर, भंगारवाल्याला सांग, येऊ नगं." मग मिस्त्रीकडं वळल्या. "पुढल्या खंडेनवमीला पूजा आमच्या दारात. तुमी यायचं, जेवायचं. बोनटाला हात लावायचा न्हाय."

"लांबनं नमस्कार तरी करू का?"

"करा. बोनट लावल्यावर."

पिकअप अजून त्याच्याच गॅरेजात येते. कार्बोरेटरात कुंकू घालणाऱ्या गाढवाची गोष्ट मिस्त्री आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगतो. त्याच्या गोष्टीत ते गाढव तेरखेड्याचं असतं. काकू समोर असल्या, तर मात्र गावाचं नाव घेत नाही.