वीस मिनिटं म्हणजे वीसच

एकोणीसशे साठनंतरची काही वर्षं मी अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात विजेच्या उपचारांच्या खोलीत नर्स होते. तिथले किस्से सांगायला बसले की घरचे हसतात. मला मात्र एकेक किस्सा रागासकट आठवतो.

ज्यांच्या तळहातांना सारखा घाम सुटतो, त्यांच्यासाठी आमच्याकडे बॅटरीच्या पेट्या होत्या. पाण्याच्या दोन ट्रेमध्ये दोन हात ठेवायचे, बारीक करंट सोडायचा. दहा मिनिटांनी वायरी उलट्या जोडायच्या, आणखी दहा मिनिटं. बस्स. गावाकडच्या पेशंटला डॉक्टर पेटी घरी न्यायला द्यायचे, अन् माझ्या डोक्याचा ताप तिथून सुरू व्हायचा.

*

हिवरखेडचे एक काका चौथ्याच दिवशी परत आले. तळवे लालभडक, बोटांवर फोड. विचारलं, तर रोज तासभर बसत होते.

"वीस मिनिटांत थोडा फरक पडते, मंग तासात तिप्पट पडन ना, बाई?"

मी म्हटलं, "काकूनं भाकर तिप्पट वेळ तव्यावर ठेवली, तर तुमी खासान काय?"

*

परतवाड्याच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याला मी दोनदा बजावलं होतं की अंगठी काढा, नाहीतर तिथं कातडी भाजेल. ज्योतिष्यानं काढू नका म्हटलंय म्हणून त्यांनी ती ठेवलीच. आठवड्यानं बोटाभोवती जखम घेऊन आले, अन् पेटीच खराब आहे म्हणून भर व्हरांड्यात माझ्यावर ओरडले. मी पट्टी बांधली. पुढची ज्योतिष्याकडून बांधून घ्या, एवढंच बोलले.

*

अकोल्याच्या नलूची टायपिंगची परीक्षा होती. घामानं कागद भिजायचा, म्हणून तिनं पेटी नेली. नेमकी त्या दिवशी मी रजेवर. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, रोज हात पाण्यात ठेवणे. किती वेळ, ते लिहिलंच नाही. पोरगी सहन होईल तितका वेळ बसत राहिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांना बँडेज, अन् डॉक्टर तिच्या वडिलांना सांगत होते की मुलीनंच निष्काळजीपणा केला.

मी चिठ्ठी उचलून दोघांसमोर धरली. "वेळ कुठं लिहिली आहे, डॉक्टर?"

माझी ड्युटी महिनाभर ड्रेसिंगच्या खोलीत लागली. नलूची परीक्षा बुडाली ती बुडालीच. विजेच्या खोलीत परत आल्यावर मी प्रत्येक पेटीच्या झाकणावर लाल रंगानं लिहून टाकलं: वीस मिनिटं. कोणाला विचारलं नाही.

*

अन् वलगावचे एक मास्तर. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारलेला. शाळेत ते कोणाला पाण्याचा ग्लास द्यायला गेले, की बाकीचे शिक्षक म्हणायचे, तुमच्या हाताले घाम राहते मास्तर, राहू द्या. मास्तरांनी ते खरं धरलं.

वेळ पाळावी ती त्यांनीच. समोर घड्याळ ठेवून दहा मिनिटं, वायरी बदलून आणखी दहा. बोटाला कुठं कापलं असेल, तर आधी त्यावर व्हॅसलीन. तीन आठवड्यांत तळवे कोरडे झाले.

पेटी परत करायला आले, तेव्हा मी विचारलं, शाळेत काय म्हणाले? मास्तर खुर्चीवर बसले अन् सांगू लागले. हेडमास्तर उन्हातून सायकल मारत नुकतेच आले होते, सदरा पाठीला चिकटलेला. मास्तरांनी ग्लास भरून त्यांच्यापुढं धरला, अन् दुसरा तळहात उघडून दाखवला.

हेडमास्तरांनी त्या हाताला बोट लावलं नाही, पण नीट वाकून पाहिलं.

"चांगलं झालं, मास्तर," ते म्हणाले. "पण मले तहान नाही."