निरीक्षणाच्या खोलीसमोरची म्हैस

"आवं मावशी, खाली बसा! अर्धा तास उठायचं न्हाई म्हणजे न्हाई!"

नर्सबाई ओरडली तेव्हा माझी काकी दंडावर कापूस दाबत शाळेच्या दाराबाहेर निम्मी पोचली होती. तिचा समज असा, की करोनाची लस म्हणजे पोलिओचा थेंब. घेतली की चाललं घरला. टोचल्यावर बसायचं असतं, हे तिच्या कानावरच आलं नव्हतं. आणि इकडं धारेची वेळ टळत चाललेली.

म्हैस मिरजेच्या बाजारातून आणलेली, आकारानं एसटीपेक्षा बोटभर लहान. नुकतीच व्यालेली. काकीखेरीज कुणाला सडाला हात लावू द्यायची नाही आणि वेळ टळली की दूध चोरायची, वर ओढून धरायची.

"दूध चोरलं तर रेडकाला काय पाजू, अन् डेअरीला काय घालू?" काकी कळवळली.

"बाई, या अर्ध्या तासात तुम्ही बघता तरी काय?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चक्कर, पुरळ, धाप. एखाद्यालाच होतं. पण झालं तर माणूस माझ्यासमोर पाहिजे."

हे खिडकीबाहेर ऐकू गेलं. तिथं निम्मी गल्ली गजांना लोंबकळत होती. काकीचं काय होतंय ते बघून मगच आपला दंड पुढं करायचा, असा त्यांचा बेत.

"डोळं लाल झाल्यात गं!"

"मानंवर पुरळ उठलं बघ!"

"मुडद्यांनो, डास चावलाय त्यो!" काकी आतून.

मी चुलत्याला फोन लावून धार काढायला सांगितलं. चुलता रिटायर्ड सुभेदार, उभी नोकरी सरहद्दीच्या बर्फात काढलेला. त्यानं फौजी डोकं चालवलं. काकीचं लुगडं नेसला, तोंडाला मास्क लावला आणि शिस्तीत कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळून म्हशीखाली बसला. लुगडं म्हशीनं खपवून घेतलं असतं. तो वास नाही खपवला. लाथ अशी बसली, की उडालेला चुलता अजिंक्यताऱ्यावरच्या लोकांना दिसला असणार.

थोड्या वेळानं शाळेच्या पटांगणात वरात आली. पुढं लुगड्यातला सुभेदार, हातात बादली आणि पेंडीचं घमेलं, मागं म्हैस, तिच्यामागं रेडकू.

"हे काय आणलंय?" नर्सबाई किंचाळली.

"पेशंटची नातेवाईक हाय," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

बाईनं एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा म्हशीकडं. "दारासमोर, माझ्या नजरंत बसायचं. मग काय बी करा."

काकी बसली. पण शाळेत शिरताना तिच्याही हातावर सॅनिटायझर ओतलं होतं. म्हशीनं नाकपुड्या फुलवल्या, मागचा पाय उचलला. चुलता लुगडं सावरत चार पावलं मागं सरला. काकीनं दोन्ही हात ओल्या पेंडीत खुपसले, खसाखसा चोळले, पदराला पुसले आणि रेडकू आचळाला लावलं. म्हैस वास घेत राहिली. खिडकीतल्या कुणाचाही श्वास चालू नव्हता. त्या घटकेला तपासलं असतं तर सगळ्या गल्लीचा ऑक्सिजन कमी भरला असता.

मग बादलीत धार वाजली.

वेळ भरली. नर्सबाईनं काकीची नाडी बघितली, मान हलवली. खिडकीतली तोंडं एकदम पुढं झाली.

"काकी, सांगा की! कसं वाटतंय? काय हुतंय का?"

काकी बादलीत वाकून बघत होती.

"आज जरा कमीच दिलंय," ती म्हणाली.